स्मरण आणि आज्ञापालन : पंडिता रमाबाईंची साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने धर्मांतराच्या घटनेवर केंद्रित झालेले आढळते. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रापासून हा ओघ सुरू होतो. माणूस ख्रिस्ती का झाला, त्यासाठी त्याने कोणते वाद घातले, त्याला कोणती नाती तोडावी लागली, हे प्रश्न एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने निश्चितच महत्त्वाचे आहेत. परंतु बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधी असतो आणि त्यानंतरचे आयुष्य अनेक वर्षांचे असते. चूल पेटवणे, दाण्यांची तजवीज करणे, आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा करणे, आलेल्या-गेलेल्याचे पाहणे या नित्याच्या व्यवहारात श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एका अंगाचा विचार केला आहे. देवाने केलेल्या तरतुदीचे स्मरण ठेवणे आणि त्या स्मरणाला अनुसरून रोजच्या जगण्यात आज्ञाधारक राहणे, हे ख्रिस्ती जीवनाचे एक मूलभूत सूत्र मानले जाते. हे सूत्र दोन मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनात कोणते रूप धारण करते, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे. त्यासाठी पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांची १९०७ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची १९३४ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागलेली ‘स्मृतिचित्रे’ या दोन कृती निवडल्या आहेत. दोघी ब्राह्मण कुटुंबांत जन्मल्या, दोघींनी दारिद्र्य अनुभवले आणि दोघींनी उतारवयाकडे झुकताना मागे वळून पाहिले. मात्र दोघींच्या स्मरणाची रीत भिन्न आहे. ही भिन्नता केवळ शैलीची नाही. देवाची तरतूद नेमकी कोणाच्या हातून येते आणि आज्ञापालनाची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांच्या उत्तरांतच ती भिन्नता आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

स्मरणाची बायबलमधील संकल्पना

‘स्मरण’ हा शब्द मराठी वाचकाला भक्तिपरंपरेतून परिचित आहे. नवविधा भक्तीत श्रवण आणि कीर्तन यांच्यानंतर स्मरणाचे स्थान येते. वारकरी परंपरेत नामस्मरणाला साधनेचे सर्वश्रेष्ठ स्थान मिळाले आहे. तेथे स्मरणाचा विषय देवाचे नाम आणि रूप हा असतो. बायबलच्या जुन्या करारात स्मरणासाठी येणारा ‘झाखार’ हा हिब्रू धातू मात्र मुख्यतः घटनेकडे वळतो. देवाने अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक लोकांसाठी काय केले, ते आठवावे आणि त्याप्रमाणे वागावे, असा त्याचा आशय आहे. आठवणे आणि वागणे ही येथे दोन वेगळी कामे राहत नाहीत.

या दृष्टीने अनुवाद या पुस्तकाचा आठवा अध्याय महत्त्वाचा ठरतो. चाळीस वर्षांच्या अरण्यवासानंतर इस्राएल लोक सुपीक देशाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मोशे त्यांना मागचा रस्ता आठवायला सांगतो. त्या रस्त्यावर देवाने त्यांना आधी भुकेले राहू दिले आणि मग मान्ना खाऊ घातला. अंगावरची वस्त्रे जीर्ण झाली नाहीत आणि पाय सुजले नाहीत. पुढे मोशे त्यांना इशारा देतो. चांगली घरे होतील, गुरेढोरे वाढतील, सोनेरुपे साठेल आणि मग हे सर्व आपल्याच हाताच्या बळावर मिळवले, असे मनाला वाटू लागेल. या अध्यायात खरी भीती अरण्याची नसून भरल्या पोटाची आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्नाची कथा या इशाऱ्याला आधार पुरवते. माणशी एक ओमर एवढेच गोळा करावयाचे, दुसऱ्या दिवसासाठी उरवून ठेवावयाचे नाही, असा नियम होता. ज्यांनी ठेवले त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मोकळीक होती. म्हणजे तरतूद आणि आज्ञा एकाच वेळी, एकाच टोपलीत येत होत्या. अन्न कसे घ्यावे याच्या शिस्तीतच आज्ञापालन होते. पुढे यहोशवाच्या पुस्तकात त्या देशाचे धान्य लोकांनी खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी मान्ना बंद झाला, असे नमूद आहे. जोवर अन्न रोज आकाशातून पडत होते तोवर स्मरणाची वेगळी गरज नव्हती. अन्न शेतातून, कोठारातून, बाजारातून येऊ लागल्यावर ती गरज निर्माण झाली.

अनुवादाच्या पुस्तकातील आणखी एक धागा पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, असे सांगून चोविसाव्या अध्यायात लगेच एक व्यावहारिक आज्ञा दिली जाते. शेतात विसरलेली पेंढी आणण्यासाठी परत जाऊ नये, जैतुनाची आणि द्राक्षाची उरलेली फळे पुन्हा झोडपून किंवा वेचून घेऊ नयेत. ती परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी ठेवावीत. स्वतःच्या हालअपेष्टांच्या आठवणीतून दुसऱ्याच्या भुकेची जबाबदारी निर्माण होते, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडले आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या लेखनाचे मूल्यमापन याच कसोटीवर करता येईल.

रमाबाईंची साक्ष : दुष्काळाची आठवण

रमाबाईंची साक्ष हे आकाराने लहान पुस्तक आहे. त्याचा पूर्वार्ध वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाच्या भ्रमंतीने व्यापलेला आहे. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे, देवळांत पुराणे वाचत असे आणि श्रोत्यांच्या दानावर जगत असे. व्रते, दानधर्म आणि तीर्थयात्रा यांत असलेले धन संपले. १८७० च्या दशकातील दुष्काळात उपासमार झाली. पांडित्य होते, परंतु अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नव्हती आणि जातीच्या प्रतिष्ठेमुळे ते करणे शक्यही वाटत नव्हते. झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढावे लागले. थोड्या काळात वडील, आई आणि मोठी बहीण यांचे निधन झाले. आईचा देह स्मशानापर्यंत नेण्यासाठी पुरेसे खांदेही मिळाले नाहीत. पुढे भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी हिंडत असताना काश्मीरकडील थंडीत पांघरायला काही नसल्याने नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून घ्यावे लागले, हा प्रसंगही रमाबाई नोंदवतात.

या भागाचे निवेदन अत्यंत संयत आहे. त्यात आक्रोश नाही. परंतु या भागामुळे साक्षेत एक अडचण निर्माण होते आणि तिच्याकडे समीक्षेने डोळेझाक करू नये. अनंतशास्त्री आणि त्यांची पत्नी आपल्या धर्माच्या आज्ञा निष्ठेने पाळणारी माणसे होती. तरीही ती उपाशी मरण पावली. रमाबाई याचा अर्थ पूर्वीच्या दैवतांची निष्फळता असा लावतात. १९०७ च्या साक्षेचा रोख धर्मप्रसाराचा असल्याने असा अर्थ लावला जाणे स्वाभाविक आहे. पण हाच तर्क पुढे नेला तर आज्ञा पाळली की भाकर मिळते, असे एक सोपे समीकरण हाती लागते आणि ते ख्रिस्ती अनुभवालाही लागू पडत नाही. भाविक ख्रिस्ती माणसेही दुष्काळात आणि साथींत मरण पावली आहेत. अनुवादाच्या आठव्या अध्यायातही आधी भूक आहे आणि नंतर मान्ना आहे. आज्ञापालन हे तरतुदीचे मोल म्हणून तेथे सांगितलेले नाही.

सुदैवाने रमाबाईंचे कार्य त्यांच्या तर्काच्या पुढे जाते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले होते. या काळात ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथगृहाचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला. कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो अनाथ मुलांचे पोषण करणारे आणि आलेल्या प्रत्येक मदतीची नोंद ठेवणारे म्यूलर हे एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती जगतात मोठे उदाहरण ठरले होते. हिंदुस्थानात असे का होऊ नये, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात या वाचनातून उभा राहिला.

त्याचे प्रत्यक्ष उत्तर १८९६-९७ च्या दुष्काळाने मागितले. मध्य प्रांतातून दुष्काळाच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा रमाबाईंना स्वतःच्या तरुणपणातला दुष्काळ आठवला, हे त्यांनी त्या काळच्या आपल्या वृत्तान्तात नमूद केले आहे. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून केडगाव येथे घेतलेली शेतजमीन त्यांच्या आश्रयासाठी उपयोगी पडली आणि १८९८ साली तेथे मुक्ति सदनाची प्रतिष्ठापना झाली. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या कैक पटींनी वाढली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, शेती असे उद्योग तेथे उभे राहिले. ज्या कुटुंबाला अंगमेहनत अप्रतिष्ठेची वाटत होती, त्याच कुटुंबातील मुलीने हातांना काम देणारी वसाहत उभारली, ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

येथे स्मरण आणि आज्ञापालन यांचा सांधा स्पष्टपणे दिसतो. दुष्काळाची आठवण रमाबाईंनी केवळ उपकारस्तुतीसाठी वापरली नाही. तिचे रूपांतर त्यांनी कर्तव्यात केले. आपल्याला ज्या वेळी कोणी उचलून नेले नाही, त्याच वेळेची आठवण ठेवून त्यांनी इतरांना उचलून आणले. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातील विसरलेल्या पेंढीचा नियम त्यांनी केडगावला अमलात आणला, असे म्हणता येईल. त्यामुळे साक्षेतील युक्तिवाद अपुरा वाटला, तरी तिच्यामागचे आचरण त्या युक्तिवादापेक्षा मोठे ठरते.

साक्षेच्या स्वरूपाबद्दल आणखी एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. ती इंग्रजीत लिहिली गेली. तिचा वाचक मुख्यतः परदेशातील सहानुभूतीदार ख्रिस्ती हा होता. मुक्ति मिशनची ‘मुक्ति प्रेयर बेल’ ही पत्रिकाही याच वाचकापर्यंत संस्थेचे वर्तमान पोहोचवत असे. मागावयाचे नाही, फक्त सांगावयाचे, ही म्यूलर यांची रीत होती. परंतु गरज सांगणे आणि मदत मागणे यांतील सीमारेषा नेहमीच सूक्ष्म असते. दूरच्या दात्यासाठी लिहिलेल्या स्मरणात देणारा देव आणि घेणारी संस्था ही दोन टोके ठळक होतात. मधले असंख्य हात, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या, दळणाऱ्या, आजारी मुलींची शुश्रूषा करणाऱ्या बायका, पार्श्वभूमीत राहतात. या मधल्या हातांचे चित्र लक्ष्मीबाईंच्या लेखनात पाहावयास मिळते.

‘स्मृतिचित्रे’ : एकाचे आज्ञापालन, दुसऱ्याची चूल

‘स्मृतिचित्रे’ हे मराठी आत्मचरित्रांतील एक अग्रगण्य पुस्तक मानले जाते. त्याचे शेवटचे लेखन लक्ष्मीबाईंच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होते. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या स्त्रीने बोलीच्या अंगाने केलेले हे निवेदन आहे. ते मराठीत आहे आणि मराठी वाचकासाठी आहे. हा वाचक बहुतांशी ख्रिस्ती नाही, याची जाणीव निवेदनात सर्वत्र आहे. त्यामुळे येथे साक्षेचा सूर नाही. देवाचे नाव वारंवार घेतले जात नाही आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी बोधही काढला जात नाही.

या पुस्तकातील स्मरणाची सुरुवात माहेरच्या सोवळ्याने होते. घरात येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घेण्याचा वडिलांचा हट्ट लक्ष्मीबाई विनोदाने सांगतात. हेही एक प्रकारचे आज्ञापालनच आहे. अतिशय काटेकोर, अतिशय प्रामाणिक आणि घरातल्या इतरांचे हाल करणारे. पुढे वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी विवाह झाल्यावर दुसऱ्या प्रकारचे आज्ञापालन त्यांच्या वाट्याला येते. टिळक सोवळे मानणारे नव्हते. अंतःकरणात जी प्रेरणा उठेल तिला ते तत्काळ शरण जात. घरात पैसा आला की तो टिकत नसे. कोणी गरजू भेटला की हात मोकळा होई. नोकरी पटली नाही की ती सोडून ते दुसऱ्या गावी निघून जात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या निर्णयात सहभागी नव्हती. त्यानंतरची काही वर्षे उभयतांची ताटातूट झाली आणि लहान मुलासह लक्ष्मीबाईंना आप्तांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले.

डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नका, अशी शिकवण आहे. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांचे दृष्टान्त त्यात आहेत. टिळकांसारख्या कविमनाच्या माणसाला हे विचार किती जवळचे वाटले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना असे जाणवते की एका माणसाने उद्याची चिंता सोडली की घरातील दुसऱ्या माणसाला ती दुप्पट वाहावी लागते. टिळकांनी दिलेल्या शब्दांचे, बोलावलेल्या पाहुण्यांचे आणि आश्रय दिलेल्या मुलांचे पुढे काय झाले, याचा हिशेब लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात लागत असे. दुष्काळाच्या काळात अनाथ मुले घरात आली तेव्हा त्यांची आई लक्ष्मीबाईच झाल्या. १९१७ साली मिशनचे पगारी काम सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ या नव्या बंधुसमाजाच्या कल्पनेला वाहून घेतले. त्या निर्णयामागील आध्यात्मिक धैर्य निर्विवाद आहे. मात्र ठरावीक वेतन थांबल्यावर घर कसे चालते, हा प्रश्न त्या धैर्याच्या आड झाकला जातो. लक्ष्मीबाईंचे स्मरण तो उघडा ठेवते.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे पतीविरुद्धचे तक्रारपत्र नाही. टिळकांच्या उदारतेबद्दल लक्ष्मीबाईंना मनापासून आदर आहे आणि त्यांच्या विसरभोळेपणाबद्दल मिश्किल प्रेम आहे. टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम त्यांनी पत्करले आणि त्याचा बहुतांश भाग स्वतः रचला, यातूनही त्यांची निष्ठा दिसते. त्यांचे वैशिष्ट्य असे की, निष्ठा राखूनही त्या खर्चाची बाजू लपवत नाहीत. रागही येतो, भांडणही होते, हसूही येते आणि शेवटी घरातील शिधा कसा जमला तेही सांगितले जाते. कधी शेजारीण मदत करते, कधी नातेवाईक, कधी मिशनमधील एखादी बाई, तर कधी त्यांचे स्वतःचे कष्ट. तरतूद वरून पडत नाही. ती कोणाच्या तरी पदराखालून येते.

लक्ष्मीबाईंच्या आज्ञापालनाचे स्वरूपही याच दृष्टीने पाहावे लागते. पतीकडे परतल्यानंतरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी वेगळे ठेवले. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच विचार केला आणि तो माणसाने निर्माण केला आहे असे पटल्यावर इतरांच्या हातचे पाणी घेण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर १९०० साली झाला. म्हणजे त्यांच्या बाबतीत आज्ञापालनाचा पहिला टप्पा मंदिरात अगर चर्चमध्ये नव्हे, तर पाण्याच्या तांब्यापाशी घडला. ज्यांच्या हातचे पाणी निषिद्ध मानले होते त्यांच्याच हातून ते घेणे, ही तरतूद स्वीकारण्याची सर्वांत कठीण रीत होती. देवाने दिलेले घेणे सोपे असते. देवाने ज्याच्या हातून दिले त्या माणसाला मान्य करणे कठीण असते.

दोन स्मरणरीतींची तुलना

वरील विवेचनावरून दोन्ही कृतींतील फरक पुढीलप्रमाणे सांगता येतो. रमाबाईंच्या साक्षेत स्मरण हे उभ्या दिशेने जाते. गरज, प्रार्थना, पूर्तता आणि स्तुती असा त्याचा क्रम आहे. या रीतीत सामर्थ्य आहे. शेकडो निराधार स्त्रियांची जबाबदारी घेताना लागणारे मनोधैर्य अशा स्मरणातूनच मिळते. ज्या देवाने काल दिले तो उद्याही देईल, हा विश्वास नसता तर केडगाव उभे राहिले नसते. या रीतीची मर्यादा अशी की, ज्यांना मिळाले नाही त्यांच्याबद्दल बोलताना ती अडखळते.

लक्ष्मीबाईंच्या लेखनात स्मरण हे आडव्या दिशेने पसरते. देव आहे, परंतु तो माणसांच्या गर्दीतून दिसतो. या रीतीत न मिळालेल्या गोष्टींनाही जागा आहे. तिची मर्यादा अशी की, ती कृतज्ञतेचे सूत्र वाचकासाठी स्पष्ट करीत नाही. भाविक वाचकाला तिच्यात कदाचित पुरेशी साक्ष आढळणार नाही. तथापि चरित्रात्मक सत्याच्या दृष्टीने ही रीत अधिक प्रामाणिक आहे.

दोन्ही रीती एकमेकींना पूरक आहेत, एवढे म्हणून थांबणे मात्र पुरेसे नाही. रमाबाईंच्या रीतीला लक्ष्मीबाईंच्या रीतीची दुरुस्ती हवी आहे. केवळ उभे स्मरण कालांतराने देवाशी केलेल्या व्यवहाराची नोंदवही बनू शकते. मी आज्ञा पाळली म्हणून मला मिळाले, हे वाक्य आणि माझ्या हाताच्या बळावर मी मिळवले, हे वाक्य यांत वरवर पाहता मोठे अंतर आहे. परंतु दोन्हींचा कर्ता ‘मी’च आहे. अनुवादाच्या आठव्या अध्यायाने ज्या विसराचा इशारा दिला तो विसर धार्मिक भाषेतही नांदू शकतो. चूल फुंकणारे हात आठवणीत आले म्हणजे हा ‘मी’ आपोआप लहान होतो.

प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या अन्नाची मागणी मराठी बायबलमध्ये ‘भाकर’ या शब्दाने आली आहे. ही निवड विचार करण्यासारखी आहे. भाकर हे दख्खनच्या कोरडवाहू शेतीचे अन्न आहे. ती साठवून ठेवता येत नाही. रोज पीठ मळावे लागते, रोज थापावी लागते आणि शिळी झाली की कडक होते. मान्नाप्रमाणेच तीही एका दिवसाची तरतूद आहे. मात्र मान्ना गोळा करावा लागे आणि भाकर कोणीतरी थापावी लागते. त्यामुळे या प्रार्थनेत भाकर मागताना ती थापणाऱ्या हातांची मागणीही अध्याहृत असते. शिवाय ती प्रार्थना एकवचनी नाही. ती ‘आम्ही’ची प्रार्थना आहे. एकाच्या ताटात भाकर आली आणि शेजारच्या घरी चूल पेटली नाही, तर त्या प्रार्थनेला अर्धेच उत्तर मिळाले असे म्हणावे लागेल.

रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी सोपी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. या कामात त्यांची उभी आणि आडवी रीत एकत्र आलेली दिसते. शब्द देवाचा, परंतु तो दळण दळणाऱ्या बाईच्या कानापर्यंत पोहोचला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. या अर्थाने रमाबाईंचे शेवटचे काम त्यांच्या साक्षेपेक्षा लक्ष्मीबाईंच्या अधिक जवळ जाते.

समकालीन संदर्भ

या चर्चेचा आजच्या जीवनाशी असलेला संबंध दाखवून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या अनेक कुटुंबांची स्मृती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांशी निगडित आहे. तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात तसेच अन्यत्र मिशनच्या शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांच्या आधाराने या कुटुंबांतील पुढील पिढ्या शिकल्या. शिक्षक, परिचारिका, कारकून, अध्यापक अशा व्यवसायांत त्या स्थिरावल्या. यहोशवाच्या पुस्तकाच्या भाषेत बोलायचे तर त्या देशाचे धान्य खाल्ले गेले आणि मान्ना बंद झाला. मासिक वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांच्या काळात तरतुदीचे स्मरण अधिक अवघड होते, कारण प्रत्येक तरतुदीवर आपल्याच स्वाक्षरीची मोहोर दिसते.

अशा वेळी उपकारस्तुतीच्या सभेत मिळालेल्या लाभांची यादी वाचणे, एवढ्यापुरते स्मरण सीमित होण्याचा धोका आहे. ही स्थिती केवळ एका धर्मसमाजापुरती मर्यादित नाही. शिष्यवृत्तीवर शिकलेला, वसतिगृहात वाढलेला, सार्वजनिक निधीवर घडलेला प्रत्येक मध्यमवर्गीय या प्रश्नापुढे उभा आहे. पहिल्या पिढीचे भुकेचे दिवस घरातील मुलांना सांगितले जातात की लपवले जातात, आणि सांगितले गेले तर त्यांतून दुसऱ्याच्या मुलाच्या फीची जबाबदारी निर्माण होते की केवळ स्वतःच्या यशाचा गौरव होतो, यावर त्या स्मरणाची गुणवत्ता ठरते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून काही निष्कर्ष पुढे येतात. पहिला असा की, ख्रिस्ती परंपरेतील स्मरण हे घटनेचे स्मरण असून त्याची परिणती आचरणात होणे अपेक्षित आहे. आचरणाविना राहिलेले स्मरण बायबलच्या दृष्टीने अपुरे ठरते. दुसरा असा की, आज्ञापालन आणि तरतूद यांचा संबंध मोल आणि माल असा नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाची शोकांतिका हे समीकरण मोडून काढते आणि रमाबाईंच्या साक्षेच्या गाभ्यातच ते मोडलेले आहे. आज्ञापालन हे मिळालेल्या तरतुदीला दिलेले उत्तर असते, आणि रमाबाईंच्या बाबतीत तर ते न मिळालेल्या तरतुदीच्या आठवणीतूनही उगवलेले आहे. तिसरा निष्कर्ष असा की, देवाच्या तरतुदीचे कोणतेही वर्णन ती पोहोचवणाऱ्या माणसांशिवाय पूर्ण होत नाही. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाने हे मधले हात, विशेषतः घरातील स्त्रीचे हात, मराठी ख्रिस्ती साहित्यात प्रथमच ठळकपणे दृष्टीस आणून दिले.

मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात ‘स्मृतिचित्रे’ची चर्चा बहुधा विनोद, भाषा आणि दांपत्यजीवन या अंगांनी झालेली आहे. रमाबाईंच्या साक्षेची चर्चा धर्मांतर आणि स्त्रीमुक्ती या अंगांनी होते. या दोन्ही कृती रोजच्या भाकरीच्या प्रश्नाभोवती एकत्र वाचल्या तर श्रद्धेच्या व्यवहाराविषयी त्या अधिक काही सांगतात. एकीने वाळूत अंग पुरून काढलेल्या रात्री आठवून केडगावची दारे उघडली. दुसरीने नवऱ्याच्या श्रद्धेचा खर्च आपल्या चुलीवर निभावला आणि तो हसत लिहून ठेवला. आपल्या ताटातील भाकर कोणाच्या हातून आली आणि ती आल्यानंतर आपण कोणासाठी ताट वाढले, हे दोन प्रश्न या दोघींचे लेखन एकत्र वाचणाऱ्यापुढे उरतात.